साठ फोटो, छत्तीस मीटर भिंत: विस्थापनावरचं पहिलं प्रदर्शन कसं उभं करायचं

प्रश्न थोडक्यात असा. पाच नवे छायाचित्रकार, सगळ्यांचं पहिलंच प्रदर्शन. विषय धरणांनी उठवलेली माणसं आणि त्यांच्या आठवणी. दोघांचं काम कोयनेच्या धरणग्रस्तांवर, दोघांचं उजनीवर, एकीचं गोव्यातल्या कुर्डी या बुडालेल्या गावावर. निवडलेले फोटो ६०, हॉलची भिंत ३६ मीटर, हातात अडीच महिने. काय ठेवायचं, केवढं छापायचं, कसं लावायचं, आणि ज्यांचे फोटो आहेत त्यांच्यापर्यंत ते कसे पोचवायचे?

सुरुवात निवडीपासून करतो. पैसा, वेळ आणि भिंत, तिन्ही तिथेच वाचतात नाहीतर तिथेच बुडतात.

आठवणींचा विषय म्हटला की नव्या मंडळींचा कॅमेरा ठरल्यासारखा तिकडेच वळतो: धुकं, भेगाळलेली जमीन, रिकामी खुर्ची, पाठमोरा म्हातारा. दिसायला छान. पण कुणाची आठवण, कुठली, केव्हाची, याचा पत्ता नसतो. किल्लारीचा म्हणून लावला तरी खपेल आणि कोयनेचा म्हणून लावला तरी खपेल, असा फोटो कितीही देखणा असला तरी बाजूला काढा. फोटोत नाहीतर त्याखालच्या ओळीत पत्ता हवाच. पुढचं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

उजनीचं उदाहरण घ्या. पाणी उतरलं की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि मे महिन्यात कॅमेरे घेऊन निम्मं पुणे तिथे पोचतं. तुमच्या साठांत ते मंदिर पाच-सहा वेळा असणार, पैज लावतो. एकच ठेवा, आणि तोही ज्यात माणूस काहीतरी करतोय असा: नारळ फोडणारा, जुन्या घराचं जोतं दाखवणारा, होडी बांधणारा. त्याच पाण्यावर भिगवणच्या बाजूला लोक फ्लेमिंगो टिपायला येतात. ज्यांची शेतं त्या पाण्याखाली आहेत त्यांच्यापैकी काहींची पोरं आज त्याच पर्यटकांच्या होड्या चालवत असतील, तर तो फोटो मंदिरापेक्षा दहापट बोलका. नसेल तुमच्याकडे तर काढून आणा, अडीच महिने आहेत.

दुसरी खोड ब्लॅक अँड व्हाइटची. जुनं दाखवायचं म्हणून रंग काढून टाकण्यात फारसा अर्थ नाही. पुनर्वसित गावात गेलात तर भिंती पिस्ता, गुलाबी, निळ्या असतात, आखलेले सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, मधोमध पाण्याची टाकी. नव्या गावठाणाची ओळख त्या रंगांत आणि त्या सरळ रेषांत आहे. कोयनेची माणसं सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे, रत्नागिरी अशी विखुरली. नाचणी-वरीच्या डोंगरातून उठून ज्वारीच्या माळावर आलेल्या घराचा फोटो करड्या रंगात छापलात तर माळ आणि डोंगर सारखेच दिसतील.

गठ्ठ्यातून भिंतीपर्यंत

निवड स्क्रीनवर करू नका. साठही फोटो साध्या लॅबमधून ४×६ इंचांत छापून आणा, मागे पेन्सिलने नाव आणि गाव लिहा, पाचही जणांचे गठ्ठे मिसळा आणि जमिनीवर मांडा. पहिल्या फेरीत एकच गोष्ट दोनदा सांगणारे काढा. दुसऱ्या फेरीत कोरड्या नजरेने बघा: जुनं गावठाण किती, उठण्याचा काळ किती, नवं गावठाण किती. जवळजवळ नेहमी जुन्याचं पारडं जड असतं, नव्याला दोन-तीन फोटो आणि मधल्या काळाला शून्य. मधला काळ तुमच्या कॅमेऱ्यात नसणारच, तुम्ही तेव्हा जन्मलेलाही नव्हता. तो घरातल्या कागदांत आणि अल्बमांत शोधायचा, त्याबद्दल पुढे सांगतो.

कुणावर अन्याय नको म्हणून प्रत्येकाला सारखीच भिंत देण्याचा मोह होतो. तो टाळा. एकाचं काम चार मोठ्या प्रिंटांत बसेल, दुसऱ्याला बारा छोटी चित्रं लागतील. समान काय ठेवायचं तर मथळ्याची पद्धत, फ्रेमचा रंग आणि मधली उंची. आकार आपापले.

आता भिंत. ३६ मीटरमधून दारं, खिडकी, स्विचबोर्ड आणि प्रवेशाचा मजकूर वजा केला की हातात २८ मीटर उरतात. पाच कामांमध्ये मोकळी जागा हवी, एकेक मीटर धरली तर चार मीटर गेले. राहिले २४. ४०×६० सेंमीची प्रिंट, चहूबाजूंनी ७ सेंमी माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेमची पट्टी धरून फ्रेम साधारण ५६×७६ होते. दोन फ्रेमांत ३० सेंमी सोडले तर एका फ्रेमला १ मीटर ६ सेंमी लागतात. म्हणजे एका ओळीत जेमतेम २२. साठ कुठे आणि बावीस कुठे! म्हणून सगळं एका ओळीत लावायचा हट्ट सोडा. माणसांचे चेहरे असतील तर ते जाळीत लावा: ३०×३५ सेंमीच्या छोट्या फ्रेम, मधे ५ सेंमी, एका ओळीत चार अशा तीन ओळी घेतल्या तर बारा चेहरे १३५×११५ सेंमीत बसतात. मोठ्या १३-१४, एक किंवा दोन जाळ्या आणि जुन्या फोटोंसाठी दोन टेबलं, एवढ्यात हा हॉल भरतो. त्याहून जास्त लावलंत तर बघणारा तिसऱ्या भिंतीपासून नुसता चालत सुटतो.

हॉलची प्रतिकृती जाड पुठ्ठ्याची १:२० मापात करा. एक मीटरला पाच सेंमी. त्याच मापात फोटोंचे तुकडे कापून टाचणीने लावत बसा. एक संध्याकाळ जाते, पण लावण्याच्या दिवशीची भांडणं मिटतात.

उंचीचा हिशेब लिहून ठेवा, कारण लावायच्या रात्री डोकं चालत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून १४७ सेंमीवर. खिळ्याची उंची काढायला १४७ मध्ये फ्रेमच्या उंचीचा अर्धा मिळवायचा आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जेवढी खाली येते तेवढं वजा करायचं. फ्रेम ६० सेंमी उंच, तार ८ सेंमी खाली: १४७ + ३० − ८ = १६९. तार प्रत्येक फ्रेमची वेगळी ताणली जाते, म्हणून हे माप प्रत्येक फ्रेमचं स्वतंत्र घ्या. एका फ्रेमवरून सगळे खिळे ठोकले की ओळ नागमोडी होते आणि मग भिंतीला भोकंच भोकं.

छपाई

२४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६०००×४००० पिक्सेल. ३०० पिक्सेल-प्रति-इंचाने २०×१३ इंच, २४० ने २५ इंचांपर्यंत आरामात जातो. ४०×६० सेंमी यात बसतं. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो २०० ने ५० सेंमी रुंद होतो, लांबून बघायचा असेल तर चालतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो मात्र आक्रसलेला असतो. १६०० पिक्सेलचा आला तर २० सेंमीच्या पलीकडे ओढू नका. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

'प्रिंट काळपट आली' ही तक्रार दहातल्या आठ जणांची असते, आणि नव्वद टक्के वेळा दोष लॅबचा नसून तुमच्या स्क्रीनचा असतो. लॅपटॉपचा उजेड पूर्ण ठेवून फोटो सुधारला की तुम्ही नकळत तो काळा करून ठेवता. उजेड १०० कँडेला-प्रति-चौरस-मीटरच्या आसपास आणा. मोजायचं यंत्र नसेल तर स्क्रीनवरचं पांढरं पान आणि खिडकीजवळ धरलेला कोरा कागद सारखे दिसेपर्यंत कमी करत जा. मग प्रत्येक मोठ्या फोटोतली दोन इंच रुंद पट्टी, ज्यात चेहरा आणि सर्वांत काळा भाग दोन्ही येतील अशी, प्रत्यक्ष ज्या कागदावर छापायचं त्यावर छापून घ्या. ती पट्टी हॉलच्या दिव्याखाली बघा, लॅबच्या नाही.

कागद: काचेमागे जाणार असेल तर ३०० ग्रॅमच्या आसपासचा मॅट सुती कागद आणि पिगमेंट शाई. सगळ्यांसाठी परवडत नसेल तर मोठ्या फोटोंना तो आणि जाळीतल्या छोट्यांना २६० ग्रॅमचा लस्टर, म्हणजे किंचित चमक असलेला कागद. दोन्ही एकाच भिंतीवर शेजारी शेजारी मात्र लावू नका, पांढरेपणातला फरक लगेच डोळ्यात भरतो.

दिवे ३००० ते ४००० केल्विनमधले, रंग खरे दाखवणारे, म्हणजे सीआरआय ९० च्या वर. उजेड उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या कोनात पाडा. चित्रावर १५० ते २०० लक्स पुरतात. भाड्याच्या हॉलमध्ये नुसत्या ट्यूब असतील तर चित्रांवर उजेड टाकण्यापेक्षा मधल्या ट्यूब बंद करणं स्वस्त पडतं.

घरातले जुने फोटो

या विषयात सगळ्यांत मोलाचा आणि सगळ्यांत हलगर्जीपणे हाताळला जाणारा भाग हा. पहिली गोष्ट, मूळ फोटो घराबाहेर नेऊ नका. परत देतो म्हणून नेलेले फोटो हरवले की पुढच्या दहा जणांसाठी दारं बंद होतात. प्रत त्यांच्याच पडवीत करा.

साधी मांडणी: कॅमेरा तिपाईवर, लेन्स फोटोला काटकोनात, दोन बाजूंनी ४५ अंशांत सारखे दोन दिवे, शेजारी रंग जुळवायला राखाडी कार्ड आणि एक मोजपट्टी. मागची बाजूही टिपा. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, एखादी तारीख तिथेच असते, आणि पत्ता म्हणतो तो हाच. स्कॅनर असेल तर पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय पुरे, पासपोर्ट फोटोला १२००. साडेतीन सेंमी रुंद पासपोर्ट फोटो १२०० ने साधारण १६५० पिक्सेल होतो, म्हणजे वीसेक सेंमी रुंद छापता येतो. आजोबांचा एकच फोटो शिल्लक आणि तोही सरकारी कागदावरचा, अशी घरं धरणग्रस्तांत भेटतात. त्यांच्यासाठी हा आकडा लक्षात ठेवा.

चिकट पानांच्या अल्बमातून फोटो उपटू नका. प्लास्टिक उचललं जात असेल तर पान तसंच ठेवून टिपा. कोकणातल्या किंवा जलाशयाकाठच्या दमट घरांत फोटो फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेला असतो. काच ओढली की चेहऱ्याचा थर काचेबरोबर येतो. अशा वेळी काचेतूनच प्रत करायची. दिव्यांवर पोलरायझर (चमक कापणारी) फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर, आणि लेन्सवरचा फिरवत जायचा; एका जागी चमक पूर्ण जाते. चंदेरी झाक आलेल्या जुन्या प्रिंटलाही हाच उपाय.

आता जवळून एक गोष्ट. भिंतीवरच्या अशा तसबिरीत काचेवर कुंकवाचं बोट असतं, थेट कपाळावर टेकवलेलं, वर्षानुवर्षांचं साचून टिपका जाड झालेला. कडेला सुकलेल्या हाराचा दोरा, खालच्या पट्टीवर उदबत्तीचा धूर. फोटोशॉपमध्ये हे साफ करायला हात शिवशिवतात. करू नका. चेहरा १९५० च्या आसपासचा असेल, कुंकू गेल्या दसऱ्याचं. घर बुडालं, तसबीर आली आणि पूजा थांबली नाही, हे त्या टिपक्यात आहे. दोन प्रती ठेवा: एक आहे तशी, भिंतीसाठी, आणि घरच्यांनी मागितली तर एक साफ केलेली, त्यांच्यासाठी.

हक्काचं: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा. स्टुडिओतला कौटुंबिक फोटो लावायला घरच्यांची लेखी संमती म्हणूनच महत्त्वाची. वर्तमानपत्रातून कापलेला फोटो या सवलतीत येत नाही.

जुना फोटो घराबाहेर काढलेला असेल आणि मागे डोंगर दिसत असेल तर तीच जागा शोधून आज पुन्हा फोटो काढता येतो. गाव बुडालं तरी सह्याद्रीची कड जागेवर आहे. जवळची एक टेकडी आणि लांबची एक सोंड निवडा. जुन्या फोटोत त्या जशा एकमेकींवर चढलेल्या दिसतात तशा दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग पुढे-मागे होऊन दोन शिखरांमधल्या अंतराचं प्रमाण जुळवा. जागा आता पाण्यात असेल तर होडी लागेल आणि पातळी वेगळी असल्यामुळे उंची जुळणार नाही, ते मान्य करून मथळ्यात लिहा. बुडालेल्या गावठाणांची नावं सर्व्हे ऑफ इंडियाच्या इंचाला मैल मापाच्या जुन्या नकाशांत सापडतात. गुगल अर्थचं टाइमलॅप्स १९८४ पासून आहे, त्यामुळे कुर्डीसाठी थोडं उपयोगी, कोयनेसाठी मुळीच नाही. कोयनेचं पाणी त्याच्या वीसेक वर्षं आधीच अडलं होतं.

आणि 'तेव्हा-आता' अशा जोड्या दोनच लावा. तिसऱ्या जोडीला तो खेळ होतो.

फ्रेम, दमट हवा आणि निळे प्रिंट

काच फोटोला टेकता कामा नये, एवढं एक सांभाळलंत तरी पावसाळ्यातले निम्मे त्रास टळतात. माउंटची जाडी ते काम करते. माउंट नको असेल तर पट्टीच्या आत ५ मिलिमीटरचे स्पेसर घालायला फ्रेमवाल्याला सांगा. माउंटबोर्ड आम्लमुक्त. माउंटची खिडकी फोटोपेक्षा प्रत्येक बाजूला ३-४ मिलिमीटर लहान. फोटो फक्त वरच्या कडेला, दोन जागी, कागदी गमटेपने टांगायचा. चारी बाजू चिकटवल्या की दमट हवेत कागद फुगतो, जायला जागा मिळत नाही आणि मधे लाट येते. सेलोटेप आणि दुहेरी टेप दोन्ही वर्ज्य. मागचा पुठ्ठा कागदी टेपने बंद करा आणि खालच्या दोन कोपऱ्यांना नमद्याचे गोल ठिपके लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते.

३ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला साडेसात किलो, तेवढ्याच अ‍ॅक्रिलिकचं निम्म्याहून कमी. प्रदर्शन गावोगाव फिरणार असेल तर अ‍ॅक्रिलिकच घ्या. ते कोरड्या फडक्याने घासू नका, ओरखडे येतात आणि धूळ उलट जास्त ओढली जाते. अमोनियाचा काच-क्लीनरही त्याला चालत नाही.

कुर्डीवर काम करणारीला सायनोटाइप, म्हणजे उन्हात छापायचे निळे प्रिंट, करायचे आहेत, पाण्याच्या विषयाला निळा रंग म्हणून. कल्पना फार वापरलेली आहे, तरी कुर्डीला ती शोभते. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाखाली गेलं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की दरवर्षी वर येतं. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव हेच. मे महिन्यात जुने रहिवासी तिथे जमतात, देवळाचा उत्सव होतो, चॅपेलचं फेस्त, म्हणजे सणही होतो. म्हणजे उन्हात छापायचा कागद आणि उन्हात उघडं पडणारं गाव, दोन्हींचा महिना एकच.

कृती: अ) हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, पाणी १०० मिली. ब) पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम, पाणी १०० मिली. दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत. वापरताना समान मिसळून मऊ ब्रशने कागदाला, मंद पिवळ्या दिव्यात. अंधारात पूर्ण वाळवा. पारदर्शक फिल्मवरची निगेटिव्ह वर, काचेखाली घट्ट दाबून मे महिन्याच्या उन्हात आठ-दहा मिनिटं. चाचणीची पट्टी छापून आधी वेळ ठरवा. कडेचा रंग हिरवट-निळ्यावरून करड्या-राखाडीकडे गेला की झालं. मग पिवळेपणा जाईपर्यंत धुवायचं.

बिघडतं ते इथे. सायनोटाइपला अल्कली चालत नाही. बोअरचं जड पाणी वापरलं की निळा रंग धुताना उतरतो. पहिल्या पाण्यात थोडं व्हिनेगर किंवा चिमूटभर सायट्रिक आम्ल घाला. आणि इथे वर सांगितलेलं माउंटबोर्ड उलटं पडतं: दुकानातला बराचसा आम्लमुक्त बोर्ड खडू घालून अल्कधर्मी केलेला असतो, त्याच्या सान्निध्यात निळा हळूहळू फिका होतो. या प्रिंटना बफर न केलेला, म्हणजे खडू न घातलेला बोर्ड मागा. प्रदर्शनात उजेडाने थोडे फिके झालेच तर काही दिवस अंधारात ठेवा, बराच रंग परत येतो.

मथळे

प्रवेशाच्या मजकुराला १५० शब्द पुरे. तिथे 'स्मृती आणि विस्मृतीचे अवकाश' वगैरे सुरू झालं की माणूस नमनालाच पळतो. धरण कुठलं, पाणी केव्हा अडलं, माणसं कुठे गेली, काम कुणाचं आणि कधीचं, एवढंच लिहा.

प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी याच क्रमाने: माणसाचं नाव (तो ज्या नावाने ओळखला जातो ते), जुनं गाव, आजचं गाव आणि तालुका, महिना व वर्ष. जलाशयाचा फोटो असेल तर त्या दिवसाचा साठाही द्या. उजनी उणे झाली म्हणजे काय (उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात गेलं) हे सोलापूर-इंदापूरकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. 'साठा उणे' एवढ्या दोन शब्दांत त्याला वर्ष, टंचाई आणि मंदिर का दिसतंय, सगळं कळतं. जलसंपदा विभागाचे रोजचे आकडे मिळतात. त्याखाली त्या माणसाचं एखादं वाक्य, त्याच्याच बोलीत, ४० शब्दांच्या आत. प्रमाण मराठीत घासूनपुसून घेऊ नका. कुर्डीचे मथळे कोंकणीतही हवेत, आणि ख्रिस्ती घरांतल्या वडीलधाऱ्यांसाठी रोमी लिपीत.

तारखा घाईने जोडू नका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि धरणाचं विस्थापन या दोन वेगळ्या घटना आहेत, सांगणारा मात्र बोलताना त्या एकत्र करतो. काही गावांना तर धरणानंतर पुन्हा अभयारण्यासाठी उठावं लागलं. सांगणाऱ्याचं वाक्य तसंच ठेवा, तुमच्या ओळीत वर्ष बरोबर लिहा. अशा मांडणीचा नमुना हवा असेल तर २०१० मध्ये अनुषा यादव यांनी सुरू केलेला इंडियन मेमरी प्रोजेक्ट बघा: एक घरगुती फोटो आणि वारसाने सांगितलेली हकिकत. काठमांडूच्या नेपाळ पिक्चर लायब्ररीचं कामही बघण्यासारखं आहे.

अक्षरं १८ पॉइंटच्या खाली नकोत, ओळींत दीडपट अंतर ठेवा, कारण वेलांट्या-उकार एकमेकांत अडकतात. 'मुक्त' (Mukta) सारखा युनिकोड फाँट घ्या. जुन्या फाँटमधून रूपांतर केलेला मजकूर असेल तर 'दुसऱ्या', 'कऱ्हाड', 'पुनर्वसन', 'वृद्ध' हे शब्द शोधून तपासा. रफार आणि अर्धा र तिथेच तुटतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि छापून आल्यावरच दिसते. पीडीएफ दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून मोठ्याने वाचून घ्या.

संमती, कागदपत्रं आणि गावातलं प्रदर्शन

फोटो काढताना मिळालेला होकार भिंतीसाठी पुरत नाही. छापण्याआधी प्रिंट आणि मथळा घेऊन परत जा, वाचून दाखवा, होकार मराठीत लिहून घ्या किंवा आवाजात नोंदवा. भिंतीवर, पुस्तकात, इंटरनेटवर: तीन वेगळे होकार. बरेच जण पहिल्याला हो म्हणतात आणि तिसऱ्याला नाही, आणि ते योग्यच आहे. प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या दिवशीही कुणी नको म्हणालं तर उतरवायचं. म्हणून दोन जादा फ्रेम तयार ठेवा.

सातबारा, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, मोबदल्याच्या नोटिसा भिंतीवर फार प्रभावी दिसतात. पण त्यांवर गट नंबर, सही, आधार, वारसांची नावं असतात आणि कित्येकांचे पर्यायी जमिनीचे दावे अजून चालू आहेत. भाऊबंदकीत असा कागद पुरावा म्हणून फिरू शकतो. आकडे झाका आणि झाकलंय हे दिसू द्या, काळी पट्टी चालेल. पुसून कोरं केलेलं फसवं वाटतं.

शहरातल्या हॉलआधी निदान एका पुनर्वसित गावात हे लावा. तिथे खिळे ठोकता येत नाहीत. समाजमंदिरात किंवा शाळेत दोन खांबांमध्ये नायलॉनची दोरी ताणा, ३ मिमी सनबोर्डवर चिकटवलेल्या १२×१८ इंची प्रती क्लिपने लावा, खालच्या कोपऱ्यांना दुसरी दोरी, नाहीतर वाऱ्याला सगळं फडफडतं. सनबोर्ड उन्हात वाकतो, पत्र्याच्या शेडखाली दुपारी ठेवू नका. मध्य १३५ सेंमीवर आणा, म्हातारी माणसं बसून बघतात. वेळ संध्याकाळी पाच ते आठ, सुगी आणि लग्नाच्या दाट तिथी टाळून. गावची यात्रा असेल तर उत्तम, मुंबईची माणसंही आलेली असतात. उद्घाटनाला पुढारी बोलावलात तर पाऊण तास भाषण आणि फोटोंसमोर त्यांचा बॅनर, हे गृहीत धरा.

लोक फोटो बघायला येतील आणि कागद काढतील. प्लॉट मिळाला नाही, पुनर्वसित गावाला द्यायच्या अठरा नागरी सुविधांतला रस्ता झाला नाही, दाखल्यावर नाव चुकलंय. तुम्ही कॅमेरेवाले आहात हे त्यांना पटत नाही, आणि का पटावं? जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्यांच्या कार्यालयाचा पत्ता, फोन आणि अर्ज कसा करायचा याचं एक पान छापून टेबलावर ठेवा. एखादा धरणग्रस्त संघटनेचा कार्यकर्ता तिथे बसवता आला तर फार बरं. त्याच टेबलावर कोरी कार्डं आणि पेन: या फोटोतलं कुणी ओळखता का, कुठलं घर? आलेली नावं रोज रात्री मथळ्यांत भरा. शहरातल्या भिंतीवर जाईपर्यंत 'अनोळखी' लिहिलेले बरेचसे मथळे भरलेले असतील.

परत द्यायचं ते असं: ज्याचा फोटो लावला त्याला ८×१२ ची चकचकीत लॅब प्रिंट, लॅमिनेशन न करता, कारण दमट हवेत त्याच्या कडा सुटतात आणि आत पाणी शिरतं. जुन्या फोटोची प्रत केली असेल तर तीही. पेनड्राइव्ह ड्रॉवरात पडून राहतो. त्याऐवजी सगळ्या प्रतींचा एक जाड अल्बम ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवा, मागे जुन्या गावांच्या नावांनुसार सूची, आणि शेवटी दहा-पंधरा कोरी पानं.